त्याच्याच कागदावरचा आकडा

नागपूरची नोकरी मी पोटासाठी धरली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. ती मी एका माणसाचा सूड घेण्यासाठी धरली होती, आणि तो मी घेतला.

माणूस पांढुर्ण्याचा. संत्र्याचा मोठा व्यापारी. रेल्वे स्टेशनाजवळ त्याचं गोदाम होतं आणि तिथून आंबिया बहाराचा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा, माल पार दिल्ली-कलकत्त्याला जायचा. सगळे त्याला शेठजी म्हणत. मी कधी म्हटलं नाही, इथेही म्हणणार नाही.

माझ्या बाबांचं सौंसरला, लोधीखेड्याच्या रस्त्यावर, छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक वेल्डिंगची मशीन आणि पुढे पत्र्याचं छप्पर. शेतातले डवरे, वखराच्या पासा, विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट, शाळेच्या खिडक्यांचे गज, जे येईल ते बाबा करून द्यायचे. शिकलेले चौथी. पण हातात लोखंड आलं की त्यांना काय करायचं ते कळायचं, आणि एरवी कुणाशी चार वाक्यं बोलायला लागली की घाम फुटायचा.

त्या काळात आमच्याकडे संत्र्याची निवड हातानं व्हायची. फळ तोडून आलं की बगीच्यात बायका ढिगाभोवती बसत, हातात लोखंडी कड्या घेत आणि एकेक संत्रा कडीतून घालून पाहत. लहान इकडे, मधला तिकडे, मोठा आपल्या मागे. दिवसभर बसून पाठीचा कणा मोडायचा. बाबा एकदा मोहगावकडच्या एका बगीच्यात पंप दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. घरी आले ते तेच डोक्यात घेऊन. मग दोन बहार ते या एकाच गोष्टीच्या मागे लागले.

त्यांनी केलं ते इतकंच. दोन लांब पाइप घेतले, उतारावर शेजारी शेजारी बसवले. वरच्या टोकाला पाइप जवळ, खालच्या टोकाला दूर. सायकलची चेन आणि एक हँडल लावून ते फिरते केले. वरून संत्रे सोडले की घरंगळत खाली यायचे; लहान फळ लगेच मधल्या फटीतून पडायचं, मोठं शेवटपर्यंत जायचं. पहिल्या बहारात पाइप आतल्या बाजूला फिरायचे आणि संत्रे दाबले जायचे. आमच्या घरी तेव्हा महिनाभर सगळ्यांनी रसच प्यायला, आईनं तर शेवटी बाबांना हात जोडले. मग बाबांनी फिरणं उलटं केलं, आणि सालाला खरचटू नये म्हणून पाइपांना सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या. नागपुरी संत्र्याचं साल ढिलं असतं, जरा कुठे घासलं की चार दिवसांत फळ सडतं.

मशीन चाललं. आसपासच्या बगीचेवाल्यांनी सात-आठ करून घेतली. बाबा एकदा मला म्हणाले होते की आजवर जे केलं ते सगळं दुसऱ्याचं पाहून केलं, ही एकच वस्तू माझ्या डोक्यातून निघाली. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग तो आला. जीपमधून, पांढऱ्या झकपक कपड्यांत. सोबत एक पँटवाला माणूस, हातात वही आणि मोजायची टेप. दोन मशीन पाहिजेत म्हणाला. आईनं पोहे केले, चहा केला. बाबांनी मशीन चालवून दाखवलं, खोलून दाखवलं, ट्यूब का लावली तेही सांगितलं. पँटवाला मापं घेत होता आणि टेपचं दुसरं टोक बाबांनी स्वतः धरलं होतं. हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे कित्येक वर्षं झोप लागायच्या आधी मला ते टेपचं टोक दिसायचं आणि माझे दात एकमेकांवर घासायचे.

दोन वर्षांनी रजिस्टर पाकीट आलं. मी तेव्हा बीएस्सीची परीक्षा देऊन घरीच होते. पाकिटात वकिलाची नोटीस होती, आणि तिला जोडलेल्या सात-आठ इंग्रजी पानांवर आमचंच मशीन काढलेलं होतं. शोधकर्ता म्हणून त्याचं नाव. पेटंट हा शब्द मी त्या दिवशी शिकले. हे मशीन आता कायद्यानं आमच्या अशिलाचं आहे, तुम्ही ते बनवणं थांबवा आणि लेखी माफी द्या, नाहीतर कोर्टात या, असा मजकूर होता. मी तो बाबांना मराठीत सांगितला. बाबांनी पानं उलटीसुलटी करून चित्र पाहिलं आणि म्हणाले की ड्रॉइंग छान काढलं आहे. मला इतका राग आला की मी उठून आत गेले.

मी म्हटलं, लढू. साक्षीदार आहेत, बगीचेवाले आहेत, त्याच्या आधीपासून त्यांच्या शेतात आपली मशीनं चालू आहेत. बाबा एकेकाकडे जाऊन आले. सगळ्यांचा माल त्याच्याच गोदामात जायचा. त्यातले निम्मे घरी नव्हते, म्हणजे घरातच होते. उरलेल्यांनी बाबांनाच समजावलं की मोठ्या माणसाशी कशाला वैर घेता.

बाजाराच्या दिवशी तो स्टँप पेपर लिहून घेऊनच आला. बाजाराचा दिवस त्यानं मुद्दाम निवडला होता, रस्त्यावर माणसं असावीत म्हणून. कागदावर लिहिलं होतं की हे मशीन मी यांच्या मशीनवरून नक्कल केलं आणि यापुढे बनवणार नाही. बाबांनी सही केली. साक्षीदार म्हणून तीन बगीचेवाल्यांनी सह्या केल्या. तिघांच्याही शेतात बाबांनीच मशीन बसवलं होतं. मग तो म्हणाला की छपराखाली जे अर्धवट मशीन उभं आहे त्याचे पाइप कापून टाका, आमच्यासमोर. बाबांनी हॅक्सॉ घेतली आणि स्वतःच्या हातानं कापले. लोक उभे राहून पाहत होते, आणि एकानं तर बसायला आमचंच स्टूल मागितलं.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "जाऊ दे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका डवऱ्याला दांडा बसवून राहिले होते.

ते जाऊ देणारे होते. मी नव्हते.

पुढच्याच वर्षी पेपरात जाहिरात आली. नागपूरला एक सरकारी कचेरी होती, तिथे देशोदेशीच्या पेटंटांचे कागद जमवत आणि ज्याला हवी त्याला शोधून माहिती देत. विज्ञान शिकलेली माणसं पाहिजे होती. जाहिरातीत तो शब्द दिसला आणि मी त्याच दिवशी अर्ज टाकला. मुलाखतीत विचारलं, हेच काम का करायचं आहे. मी म्हटलं, वाचनाची आवड आहे.

नोकरी लागली. धंतोलीत एका मावशींकडे खोली घेतली, शनिवारी दुपारची बस धरून सौंसरला यायचं, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. कचेरीत भिंतभर लोखंडी कपाटं होती, त्यांच्या खणांत कार्डं. परदेशी पेटंटं इवल्याशा फिल्मांवर येत, त्या यंत्रात घालून पडद्यावर वाचायच्या. दिवसभर वाचलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि एका थंडगार खोलीत कॉम्प्युटर होता. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. आपण स्वतः त्याला हात लावायचा नाही. फॉर्मवर लिहून द्यायचं, ऑपरेटर चालवणार, आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोकांच्या लांब कागदावर यादी मिळणार.

माझ्या वकिलानं, म्हणजे नागपूरच्या एका म्हाताऱ्या वकिलानं, ज्याला मी पहिल्याच महिन्यात जाऊन भेटले होते, मला एकच सांगितलं होतं. तुमच्या वडिलांनी सही करून दिली आहे, तेव्हा त्यांचा शब्द आता चालणार नाही, साक्षीदार फुटलेले आहेत. पण हेच यंत्र त्याच्या अर्जाच्या आधी जगात कुठेही छापून आलेलं असेल, तर त्याचं पेटंट उभं राहू शकत नाही. तो कागद आणा. मी म्हटलं, आणते.

आणि मी शोधायला लागले. कचेरीचं काम संपलं की माझं सुरू. पहिला शब्द अर्थातच संत्रा. इंग्रजीत जो शब्द आहे तो लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी वीतभर जाडीची यादी आली. रस काढायची यंत्रं, सालं काढायची यंत्रं, सरबताच्या पावडरी, आणि निम्म्याहून जास्त कापडाचे नारिंगी रंग. मी ती सगळी वाचली. मग लिंबूवर्गी फळं. मग फळांची प्रतवारी. काही नाही. जुन्या विलायती पेटंटांची तर नावंच अशी की हसावं की रडावं: अमुक यंत्रातील किंवा त्यासंबंधीच्या सुधारणा. कोणतं यंत्र, कसल्या सुधारणा, काही म्हणून सांगायचे नाहीत. शोध काय आहे ते झाकून ठेवायची त्यांची रीतच होती.

मग कुणीतरी सांगितलं की प्रत्येक पेटंटाला विषयाचा एक आकडा दिलेला असतो, त्यानं शोधा. त्याची जाडजूड पुस्तकं कपाटात होती. जगातल्या सगळ्या शोधांचे आठ भाग, ए पासून एच पर्यंत, मग त्यात पोटभाग, मग त्यांचे पोटभाग. पत्ता लिहितात तसं, राज्य, जिल्हा, तहसील, गाव. मी पुस्तक उघडलं आणि थेट ए घेतला, कारण ए मध्ये शेती होती. आमच्या मुलखात संत्रा म्हणजे शेती, यात विचार करण्यासारखं काय आहे? शेतातली यंत्रं, बागेतली यंत्रं, फळं सोलायची, धुवायची यंत्रं, एकेक आकडा घेऊन मी फॉर्म भरत गेले. पावसाळा गेला, आंबिया बहाराची फळं बाजारात आली. दर शनिवारी बसमध्ये बसताना वाटायचं की या आठवड्यातही तो सुटला.

माझे साहेब अमरावतीकडचे होते, निवृत्तीला आलेले, बोलायला कडू. माझ्या फॉर्मांचा ढीग पाहून त्यांनी एक दिवस बोलावलं. मला वाटलं आता बोलणी बसणार, कचेरीचा कागद घरच्या कामाला वापरते म्हणून. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की ज्या पेटंटाला पाडायचं आहे ते कुठे आहे. मी म्हटलं, सौंसरला, ट्रंकेत, तळाशी. नोटीस आली त्या दिवशी वाचलं, पुन्हा हात लावला नाही. बघवत नाही मला.

साहेबांनी माझ्या फॉर्मांचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाले, "तुम्ही रागावून बसलात, म्हणून तीन महिने वाया गेले. त्याचा कागद आणा. त्याचा पत्ता त्यानंच तुम्हाला घरपोच पाठवला आहे."

शनिवारी गेले, ट्रंक उपसली. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात तो आकडा छापलेला होता. बी, शून्य सात, पुन्हा बी, तेरा. सोमवारी बसमधून उतरले ती थेट पुस्तकाच्या कपाटाशी. बी म्हणजे कामं करण्याच्या रीती. शून्य सात म्हणजे घन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करणं, निवडणं. त्याच्या पोटात तेरा, आणि तेराच्या खाली आकारमानानुसार. त्यात संत्रा नव्हता, शेती नव्हती, फळच नव्हतं. आकडा देणाऱ्यानं ती वस्तू कशासाठी आहे ते विचारलंच नव्हतं. ती करते काय, एवढंच पाहिलं होतं. मी तीन महिने संत्र्यामागे धावत होते आणि मशीन बसलं होतं खडी, गोट्या आणि बटाट्यांच्या रांगेत.

त्याचं पेटंट मी तेव्हा पहिल्यांदा शांतपणे वाचलं, आणि मला हसू फुटलं. साहेबांनी मान वर करून पाहिलं. त्या हावऱ्या माणसानं हक्क मागताना संत्रा असं लिहिलंच नव्हतं. कोणतीही गोल किंवा जवळपास गोल वस्तू, असं लिहिलं होतं. उद्या कुणी मोसंबीसाठी केलं, लिंबासाठी केलं, कांद्यासाठी केलं, तरी त्याच्याच खिशात जावं म्हणून. आणि ट्यूबेचा उल्लेख एका ओळीपुरता, तोही कोणतेही मऊ आवरण असा. नुसता ढिल्या सालाचा संत्रा आणि रबरी ट्यूब असं मागितलं असतं, तर कदाचित मला तो सापडलाही नसता. सगळं जग मागितलं, त्यामुळे आता सगळ्या जगातली कुठलीही जुनी वस्तू त्याला पाडायला पुरेशी होती.

नुसत्या आकड्याची यादी शेकडो पानांची आली असती. साहेबांनी शिकवलं की आकडा म्हणजे गाव, आता गावात घर शोधायला शब्द वापरा. मी आकड्यासोबत फिरते दांडे आणि दूर होत जाणारी फट असे दोन शब्द जोडून दिले. यादी आली ती चार पानांची. ती मी चपला घालायचं विसरून, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर उभ्यानंच वाचली. सगळी अलीकडची, कारण जुनं काही कॉम्प्युटरच्या टेपांत नव्हतंच. पण त्यातल्या एका परदेशी पेटंटाच्या शेवटी ते तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं जुन्या कागदांचे नंबर दिले होते, की हे याआधी होतं म्हणून. त्यातला एक नंबर विलायतेचा, फार जुना. आपला देश स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधीचा.

फिल्म काढली, यंत्रात घातली. नाव होतं, निवडण्याच्या यंत्रातील सुधारणा. आणि खाली चित्र.

दोन दांडे, उतारावर. वरती जवळ, खाली दूर. हँडल. बाहेरच्या बाजूला फिरणारे बाण. कुणा माळ्यानं फुलझाडांचे कंद आणि बटाटे निवडायला केलेलं. दांड्यांना चामडं गुंडाळलेलं, कंदाला इजा होऊ नये म्हणून.

मला आनंद झाला. सापडलास, असं मी त्या पडद्याला म्हटलं. तो मेला आता. हे पहिलं मनात आलं. दुसरं जे यायला हवं होतं ते आलं, पण बरंच नंतर, खोलीवर जाऊन जेवताना. चामडंसुद्धा आहे. म्हणजे बाबांचं काय राहिलं?

घास हातातच राहिला. मग मी तो खाल्ला. ठरवलं की हे बाबांना सांगायचं नाही. जुना एक कागद मिळाला आहे, त्यानं त्याचं पेटंट पडतं, एवढंच सांगायचं. आणि मी तसंच सांगितलं. बाबांनी विचारलं की कसला कागद. मी म्हटलं, विलायती आहे, कायद्याचा आहे, तुम्हाला नाही कळणार. बाबांनी पुढे विचारलं नाही. ते कधीच विचारायचे नाहीत, आणि त्यांच्या त्या स्वभावाचा मी तेव्हा फायदा घेतला.

म्हाताऱ्या वकिलानं कागद पाहून चष्मा काढला आणि पुसला. मग त्या माणसाच्या वकिलाला पत्र गेलं. एक तर हायकोर्टात पेटंट रद्द करायला आम्ही येतो, पेपरात बातमी येईल. नाहीतर लेखी द्या की या मशीनवर आमचा कुणावरही हक्क नाही, आणि मिस्त्रींचा, म्हणजे बाबांचा, तो स्टँप पेपर परत करा. मी आणखी एक अट घालायला लावली. त्यानं स्वतः सौंसरला यायचं, वर्कशॉपवर, बाजाराच्या दिवशी. वकील म्हणाले की कायद्यात असं काही बसत नाही. मी म्हटलं, लिहा तरी. त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना तेही मिशीतल्या मिशीत हसत होते.

दीड महिना तो गप्प होता. मग निरोप आला, येतो.

तो दिवस मी तांदळासारखा निवडून ठेवला आहे, एक खडा नाही त्यात. मी रजा टाकली होती. छपरासमोरचा रस्ता झाडून काढला. त्या तीन बगीचेवाल्यांना मी स्वतः घरी जाऊन निमंत्रण दिलं, लग्नाचं देतात तसं, अगदी गोड बोलून. तिघेही आले. न येऊन करतात काय, तो पडतो आहे ही बातमी तोवर सौंसरभर झाली होती आणि त्यांना आता बाबांकडून नवी मशीनं पाहिजे होती. जीप आली. तो उतरला. मधल्या काळात थकला होता, पोट सुटलं होतं. मला वाटलं होतं दया येईल की काय. नाही आली. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की पोहे नाही, चहा नाही, पाणी मागितलं तर द्यायचं. त्यानं पाणी मागितलं नाही.

त्यानं लिहून आणलेला कागद मी हातात घेतला आणि रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं वाचला. भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका थांबल्या. सायकली थांबल्या. एकदा वाचून झाल्यावर मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा वाचला. मग बाबांचा जुना स्टँप पेपर त्याच्याकडून घेतला आणि त्या तिघा साक्षीदारांच्या हातात दिला, म्हटलं, तुमच्याच सह्या आहेत, तुम्हीच फाडा. त्यांनी माना खाली घालून फाडला. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी जवळून पाहिलं. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चांगले दिवस पाहिले, लग्न पाहिलं, पोरं पाहिली. पण त्या अर्ध्या तासाची चव आणखी कशाला नाही.

बाबा लेथजवळ स्टुलावर बसून होते. उठले नाहीत.

जीपकडे जाता जाता तो वळला. मला वाटलं आता मला काही बोलणार, मी तयारच होते. पण तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. आमच्या वकिलानं त्याच्या वकिलाला पाठवलेली ती जुन्या पेटंटाची प्रत होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मी हारलो, कबूल. पण हे पाहून घ्या. विलायतेतल्या माळ्यानं तुमच्या जन्माच्या पहिलेच बनवून ठेवलं होतं. तुमच्या पोरीले सब मालूम आहे."

कागद बाबांच्या मांडीवर ठेवून तो जीपमध्ये बसला. धूळ उडवत जीप गेली. लोक पांगले, बगीचेवाले नमस्कार करून गेले. मी तिथेच उभी. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्राला कुठे इंग्रजी लागतं? त्यांनी बोट दांड्यांवरून वरपासून खालपर्यंत नेलं. बाणांपाशी थांबलं. मग गुंडाळलेल्या आवरणापाशी.

"हे काय आहे? रबर?"

मी सांगितलं की चामडं.

ते पुन्हा पाहत राहिले. मी घाईघाईनं बोलायला लागले. तुम्ही हे कुठे पाहिलं होतं, कुणी दाखवलं होतं, तुम्ही तर स्वतःच्या डोक्यानं काढलं, दोन माणसांच्या डोक्यातून एकच वस्तू निघू शकते, कचेरीत रोज पाहते मी. सगळं खरं होतं. बाबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, ज्या गिऱ्हाइकाचं बोलणं पटलेलं नसतं त्याच्यासमोर डोलवायचे तशी.

"तुले कधीपासून मालूम आहे?"

"दिवाळीपासून."

"मले काहून नाही सांगतलं?"

आई दारात येऊन उभी होती.

"सांगतलं असतं त मी म्हनलो असतो, राहू दे," बाबा म्हणाले. "त्याच्या नावावर राहू दे. पन हे कोनाले दाखवू नको."

"म्हनूनच नाही सांगतलं," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या गिऱ्हाइकानं आणलेलं, आपल्याला न उमजणारं यंत्र पाहावं तसं. मग त्यांनी कागदाची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि लेथ सुरू केली.